मोहाखालचा डायलॉग

आज आरमोरीच्या बाजारात एका बाईच्या टोपलीतून वाळल्या मोहफुलांचा गोड, जडसर वास आला आणि मी तिथेच थांबले.

लहानपणी दादा आणि मी सकाळी शाळेआधी जंगलात मोहफुलं वेचायला जायचो. माणसांचा आवाज ऐकला की वाघ वाट बदलतो, म्हणून वेचताना सारखं बोलत राहा, असं आईनं बजावलेलं. मग दादा त्याच्या झाडाखालून सिनेमातला एखादा डायलॉग ओरडायचा आणि मी माझ्या झाडाखालून सिनेमाचं नाव सांगायचे.

एके सकाळी मी त्याच्यावर रुसले होते.

"दरवाजा खोलो मां, मैं लौट आया हूं," तो ओरडला. मी मुद्दाम गप्प राहिले. त्यानं पुन्हा तेच म्हटलं, या वेळी आवाज कापरा होता. मग झुडपं तुडवत तो धावतच आला. टोपली कुठेतरी पडली होती, पोटऱ्या काट्यांनी ओरबाडल्या होत्या.

"काऊन बोलत नाई वं? मले वाटलं..."

"कसा भेला," म्हणून मी हसत सुटले.

दादाला जाऊन आता दोन महिने झाले. घरात चुकून त्याला हाक मारते आणि ऐकत उभी राहते. उत्तर न येणं म्हणजे काय, हे त्याला त्या सकाळीच कळलं होतं.

त्या सिनेमाचं नाव मला येत होतं. ते त्याला सांगायचं राहूनच गेलं.