न ठोकलेला जोड

घुग्घुसचा उमाजी किनाऱ्यावरच्या कारखान्यात, समुद्रात सोडायच्या तेलाच्या पाइपांवर ऊब धरून ठेवणारं जाड आवरण चढवतो. सुटीवर घरी आला, पण बूड टेकेना. माठ, दार, शेजाऱ्यांची भिंत, दिसेल ते बोटांनी ठोकून पाही.

"टरबूज घ्याले आले का जी?" बायको गोकुळानं चिडवलं.

तेव्हा तो बोलला. निघायच्या घाईत आवरणाचा एक जोड ठोकून पाहायचा राहिला होता. आत पोकळ असला तर पाणी शिरेल, ऊब जाईल अन् तेल पाइपातच थिजेल. पाइप तर उद्याच समुद्रात उतरणार.

"मंग फोन लावा ना."

"साहेब हासतीन."

"इथी अख्खा मोहल्ला हासून राह्यला, एका साहेबाचं काय घेऊन बसले?"

त्यानं फोन लावला. साहेबानं पाइप थांबवला. तरी तपासणीचा निरोप येईपर्यंत उमाजी अंगणात फेऱ्याच मारत होता.