जबाबात न लिहिलेली चक्कर

ती घटना विसरायची म्हटली तरी आजही आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पकडलेले आरोपी डोळ्यांदेखत सुटले, तेव्हाही मला जेवण गेलं. या प्रकरणात आरोपीच नव्हता, आणि तरी मी चार दिवस घरात कोणाशी धड बोललो नाही.

तेव्हा मी बारामतीतल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. सकाळची हजेरी उरकून ड्यूट्या वाटत होतो, तेवढ्यात इंदापूर तालुक्यातली एक बाई अर्ज घेऊन आली. नवरा साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. काही वर्षं डायलिसिसवर काढल्यानंतर त्याला एका मेंदूमृत बाईची किडनी मिळाली होती. पहिले महिने बरे गेले. मग त्या किडनीतच कॅन्सरची गाठ निघाली आणि रोग यकृतापर्यंत पोचला. डॉक्टरांनी तुकडा तपासला, तर गाठीतल्या पेशी बाईच्या निघाल्या. म्हणजे रोग त्याचा नव्हताच, किडनीबरोबर आला होता.

"तिच्या घरच्यास्नी ठावं हुतं सायेब," ती म्हणाली. "रोगी बाईची किडनी दिली त्येंनी. आमचं माणूस जायच्या आत मला त्येंना आत टाकलेलं बघायचंय."

दात्याचं नाव रुग्णालय सांगत नाही. पण आपल्याकडं अशी गोष्ट लपते कुठं? काटेवाडीच्या रस्त्याला किडनी बसवली त्याच दिवसांत त्या दात्या बाईच्या हात जोडलेल्या फोटोचा मोठा फ्लेक्स लागला होता, 'अवयवदान करून अमर झालेल्या आमच्या ताई' असा. हिनं दिवस जुळवला आणि नाव शोधून काढलं.

नाव वाचून मी चपापलो. बाई एमआयडीसीत कामाला होती. नवऱ्याच्या मोटारसायकलवरून माझ्याच हद्दीत पडली आणि पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात मेंदूमृत झाली. अपघाताच्या केसमध्ये पोलिसांचा पंचनामा आणि ना-हरकत पत्र असल्याशिवाय अवयव काढता येत नाहीत. ते काम मी धावपळ करून वेळेत केलं होतं आणि साहेबांनी पाठही थोपटली होती.

दोन दिवसांनी खबऱ्याचा फोन आला. बाईच्या टाचेला काळा डाग होता. कुरूप समजून तिनं तो गावातल्या दवाखान्यात कापून घेतला होता. डाग पुन्हा आला आणि पुढं तिचं डोकं दुखायला लागलं, चक्करही यायची. मी ओळखीच्या सरकारी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असा डाग कॅन्सरचा असू शकतो, तो मेंदूत पसरून रक्तस्राव होऊ शकतो. बाई पडल्यामुळं रक्तस्राव झाला, असं आम्ही धरून चाललो होतो. बहुतेक उलटं घडलं होतं. रक्तस्राव झाला म्हणून ती पडली होती.

मला वाटलं, नवऱ्यानं लपवलं. त्याला ठाण्यात बोलावून घेतलं. माझा अनुभव असा, की खोटं बोलणाऱ्याचे हात स्वस्थ बसत नाहीत. बटण चाचपतील, खिसा चाचपतील. याचे हात गुडघ्यांवर निपचित पडले होते. तरीही मी आवाज चढवला.

"बायकोला कॅन्सर होता आणि तू गप्प बसलास?"

"कॅन्सर?" तो माझ्याकडं बघतच राहिला. "कुरूप हुतं सायेब ते. रानात राबणाऱ्या निम्म्या बायांना असतं."

"डोकं दुखत होतं, चक्कर येत होती, हे तरी डॉक्टरांना सांगायचंस!"

 तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुमाला सांगितलं हुतं की, जबाबाच्या टायमाला. मागं बसल्या बसल्या ती ढिली पडली अन् मंग खाली गेली. तुमी म्हणाला, चक्कर लिवली तर अपघाताचा विमा अडकंल, लेकरांचं नुकसान हुईल. गतिरोधकावर तोल गेला म्हणा. डाक्टरांनी इचारल्यावर मी त्येच सांगितलं. पोलिसाला एक अन् डाक्टरला दुसरं, असं कसं सांगायचं?"

मी लिखापढी करणाऱ्या रायटर हवालदाराकडून जुनी फाईल मागवली. जबाबात लिहिलं होतं, 'गतिरोधकावर गाडी आदळून तोल गेल्याने'. पंचनाम्यात होतं, 'शरीर उलटसुलट करून पाहिले असता इतर जखम अगर व्रण दिसून येत नाही'. व्हेंटिलेटरवरच्या बाईला उलटसुलट करणार कोण? पायांवरची चादरसुद्धा मी उचलली नव्हती. ते वाक्य आम्ही पाठ असल्यासारखं लिहितो. दोन्हींखाली माझी सही होती.

 विम्याचं मी भल्यासाठीच सांगितलं होतं. कितीतरी घरांना तसं सांगितलं होतं आणि त्यांनी माझे पाय धरले होते.

"ज्येला तिची किडनी दिली, त्यो कसा हाय?" त्यानं विचारलं. मी खाली बघितलं. त्याला समजलं. "तिचं तेवढंच तर मागं ऱ्हायलं हुतं," म्हणून तो तिथंच हमसून रडायला लागला.

दुसरी किडनी ज्याला दिली होती, त्याची रुग्णालयानं वेळीच काढून टाकली. तो जगला, पण पुन्हा डायलिसिसवर गेला. मी वरिष्ठांना सगळं लेखी कळवलं. मुद्दाम कोणी काही केलं नव्हतं, त्यामुळं गुन्हा दाखल झाला नाही. मला फक्त समज मिळाली. शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं. पुढं निवृत्तीपर्यंत सांगणाऱ्याचा शब्द न् शब्द जबाबात घेतला, हाताखालच्यांनाही तेच शिकवलं. पण एका माणसाच्या जिवावर शिकलेलं शहाणपण सांगताना अजून लाज वाटते.

इंदापूरला जाऊन कारकुनाला आणि त्याच्या बायकोला मी स्वतः सगळं सांगितलं. तो खाटेवर पडून ऐकत होता.

"तुमी चक्कर लिवली असती तर मला किडनी मिळाली नसती, व्हय ना?"

"बहुतेक नसती."

"मंग मशिनवर आणखी काही वर्सं काढली असती मी." एवढं बोलून तो भिंतीकडं वळला.

बायको मला गाडीपर्यंत सोडायला आली. "त्या बाईच्या नवऱ्याला सांगा, माजा त्येच्यावर राग न्हाय. त्येचं बी घर मोडलंय."

"आणि माझ्यावर?" मी विचारायला नको होतं.

"राग धरायला बी ताकद लागती सायेब. माजी सगळी ह्येंच्यासाठी राखून ठिवलीय."

त्याच महिन्यात तो गेला. त्यानंतर तिचा राग ऐकून घ्यायला मी जायला हवं होतं. एकदा निघालोही. निम्म्या रस्त्यातून गाडी वळवली आणि परत आलो.