पाचट पेटवायच्या आधी

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. अंथुर्ण्याला आमचा अडीच एकर ऊस नुकताच तुटला होता आणि त्या दुपारी मी जे केलं, ते आठवलं की आजही घाम फुटतो...

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. बारामतीला मॅट्रिकपर्यंत शिकलेलो, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा पक्का समज.

कारखान्यासाठी ऊस तोडायला नगरकडच्या दुष्काळी भागातून एक टोळी आली होती. महिनाभर ती माणसं आमच्या विहिरीवर पाणी भरत होती, पण मला त्यातल्या एकाचंही नाव ठाऊक नव्हतं. खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी चार वाजता आमच्या रानाला कॅनॉलच्या पाण्याची पाळी होती. पाणी यायच्या आत रानात पसरलेलं पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, जाळून टाकायचं होतं. माझे वडील, तात्या, इंदापूरला जाताना बजावून गेले होते... सकाळच्या गारव्यातच पेटव, आणि आधी रानाला एक फेरी मार.

सकाळ मी पेपर वाचण्यात घालवली. भर दुपारी, वारं सुटलेलं असताना, फेरी न मारताच काडी लावली. टोळी शेजारच्या तुकड्यात तोड करत होती, तुटलेल्या रानात बघायचं काय, असा माझा हिशेब.

बघता बघता जाळ पुरुषभर उंच झाला. त्या तडतडाटातून एक बाई किंचाळत बांधावरून पळत आली.

"माजं लेकरू! लेकरू हाय तितं!"

मला आधी कळेचना. मग कळलं. उभ्या उसात सापकिरडू, त्यात कोयते चालू... म्हणून या बायका तान्ही पोरं तुटलेल्या रानात, पाचटाची मऊ गादी करून निजवायच्या. महिनाभर हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मी कधी पाहिलंच नव्हतं.

मी धुरात शिरलो. पायताण कुठे गेलं कळलं नाही, उसाच्या खोडक्या पायात घुसत होत्या. ती मागून ओरडत होती, "बाभळीकडं जावा! बाभळीकडं!" मला तर बाभळच दिसत नव्हती.

एक गाठोडं हाताला लागलं. झडप घालून उचललं, तर भाकरी बांधलेलं फडकं. तेव्हा मात्र माझा धीर सुटला, संपलं सगळं असं वाटलं... आणि तेवढ्यात डावीकडे पोर खोकलं.

जाळ त्या पोरापासून दोन हातांवर होता. पाच-सहा महिन्यांची पोरगी. छातीशी धरली आणि पळत सुटलो.

आईने लेकरू घेतलं आणि माझ्या पायाच पडली. "देवावानी आला, मालक." तिला वाटलं, मी आग बघून धावत आलो. तिकडे टोळीचा मुकादम तिच्या नवऱ्याची गचांडी धरून विचारत होता, "बिडी कुठं टाकली रं? खरं बोल!" तो बिचारा हात जोडून म्हणत होता, "म्या न्हाय वो टाकली..."

आणि मी गप्प. आगीत शिरताना वाटली नव्हती एवढी भीती आता वाटत होती. तात्या गावात नाहीत, भोवती बारा-पंधरा माणसं, प्रत्येकाच्या हातात कोयता. मी बोललो नसतो तर कुणाला कधीच कळलं नसतं.

मुकादमाने त्या माणसाच्या थोबाडीत मारली, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं... "मी पेटवलं."

मुकादमाने गचांडी सोडली.

आई पोरीच्या तोंडावरची राख पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "पेटवायच्या आदी एक हाळी देत जावा, मालक. आमी परमुलखातली. तुमी कवा पेटवता, आमाला काय ठावं?"

मग तिचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. नवऱ्याला म्हणाली, "आवं, पाणी आना आदी. ह्यांचं पाय भाजल्यात."

संध्याकाळी तात्यांना सगळं कळलं. त्यांनी टोळीच्या कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या पाल्याच्या झोपड्यांवर, जाऊन हात जोडले. माझ्याशी मात्र चार दिवस बोलले नाहीत.

आता नव्वदीला टेकलोय, आणि परमुलखातला मीच आहे... लेकीकडे, परदेशात. इथे आमच्या बिल्डिंगचे जिने पुसायला एक नेपाळी बाई येते. ओल्या फरशीवर मी घसरेन म्हणून रोज माझा हात धरून मला लिफ्टपर्यंत सोडते.

कित्येक दिवस मी नुसती मान हलवून निघून जात होतो. परवा लाज वाटून विचारलं, पोरंबाळं कुठे असतात? तिने फोनवर फोटो दाखवला. लेक आजीकडे असते, गावी. सोडून आली तेव्हा सहा महिन्यांची होती, आता शाळेत जाते.

मी फोटो बराच वेळ धरून बसलो. त्या दुपारी माझ्यावर कोयता उगारला असता तरी त्या आईला कुणी बोल लावला नसता... तिने माझ्यासाठी पाणी मागवलं.