चमकीची कानातली

गुहागरहून निघाले त्या सकाळी माझी विळी मी शेजारच्या सुमनला देऊन टाकली. ती म्हणाली, "काकू, राहू द्या की, परत आलात की लागेल." मी म्हटलं, "परत येऊन काय करू? ने." माझा मुलगा श्रीकांत रिक्षात बॅगा ठेवत होता. त्याला वाटलं, मी रडेन. मी कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि रिक्षात बसले. हे गेल्यावर एकटीने राहायची माझी तयारी होती, त्याची नव्हती.

तुम्हा गुहागरच्या बायकांसाठी हे लिहिते, आणि आपल्यातल्या ज्या मुलांपाठोपाठ पुण्या-बडोद्याला गेल्या त्यांच्यासाठीही. चौथीपर्यंत शिकलेय, तेव्हा सरळच लिहीन.

श्रीकांत बनारसला बँकेत आहे. सून विभा तिथलीच, ब्रह्मा घाटाजवळच्या मराठी घरातली. मराठी बोलते, पण निम्मी हिंदी. पहिली दोन वर्षं तिने मला एक उलट शब्द ऐकवला नाही. "आई, तुम्ही आरामात बसा ना, तकलीफ नका करू." ऐकायला बरं वाटतं. पण रोज ऐकलं की कळतं, आपण इथे पाहुणे आहोत. तिकडे माझ्याशिवाय घरात चहा होत नसे, इथे मला कप विसळू देत नसत. माझी आई सांगायची, दुसऱ्याच्या घरी रिकाम्या हातांनी बसू नकोस.

म्हणून दही लावायचं काम मी हट्टाने मागून घेतलं. इथे पौषात थंडी अशी की आपल्याकडच्या चमचाभर विरजणाने दुधाचं दूधच राहतं. मी विरजण वाढवलं, भांडं शालीत गुंडाळलं, दही लागलं. त्याचा मला गर्व झाला, आणि त्यानेच घात केला.

विभा घरी रेझिनचे दागिने करते. रेझिन म्हणजे मधासारखं दाट रसायन. त्यात दुसऱ्या बाटलीतलं हार्डनर घालून ढवळायचं, चमकी मिसळायची आणि साच्यात ओतायचं. दिवसभरात काचेसारखं घट्ट होतं, मग हूक लावले की कानातली तयार. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटायला मंगला गौरीच्या देवळाजवळच्या एका मराठी घरातून तिला तीस जोडांची ऑर्डर आली. पहिलीच मोठी ऑर्डर. त्या बायकांनी तिला लहानपणापासून पाहिलेलं, त्यांच्यासमोर फजिती होईल म्हणून ती धास्तावली होती.

हळदीकुंकू तीन दिवसांवर आलं. तिने कपात रेझिन मोजून ठेवलं आणि हूक संपले म्हणून चौकात गेली. "आई, मी येऊन ओतते," सांगून गेली. खोली गार पडली होती. मला वाटलं, या थंडीत हे लागायचं नाही. हार्डनर म्हणजे विरजणच की! वजनकाटा बाजूला ठेवला, अंदाजाने सढळ ओतलं, सोनेरी चमकी घातली, साचे भरले, वर शाल टाकली. ती आली. "अरे वा, आई! काट्यावर मोजलंत ना?" मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी साचे उलटले तर कानातली बोटांना चिकटली, अर्धवट आटलेल्या गुळासारखी. तिने एक रात्र आणखी वाट पाहिली. तसंच. मग तिने दुकानदाराला फोन लावला. "भैया, माल ही खराब दिया है आपने!" तो पलीकडून ओरडत होता. श्रीकांत म्हणाला, "दुकानच बदल." मी मटार सोलत होते.

मग तिने त्या ऑर्डरवाल्या घरी फोन लावला. "काकू, मी विभा. ते कानातल्यांचं जरा..."

"ठेव तो फोन," मी म्हटलं. "माल चांगला आहे. काट्यावर मोजलं नव्हतं मी. विरजणासारखं जास्त घातलं."

"काकू, नंतर करते," म्हणून तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "आई, डोकं आहे का ठिकाणावर? हे काय दही आहे? वरून खोटं बोललात! त्या दुकानवाल्याला मी इतकं सुनावलं आणि तुम्ही चुपचाप मटार सोलत बसलात?"

श्रीकांत म्हणाला, "विभा, आई आहे ती."

"तू गप रे. हे आमचं चाललंय."

मी ऐकून घेतलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. म्हटलं, "साचे कशाने पुसू?" तिने हातमोजे माझ्या मांडीवर फेकले. "पहले दुकानवाल्याला फोन. तुम्ही स्वतः." केला. "गलती मेरा है," म्हटलं. तो हसायला लागला.

दुपारच्या आत बत्तीस जोड पुन्हा ओतले. काट्यावरचा आकडा मी मोठ्याने वाचायचा, मगच ती पुढचा थेंब घालणार. हीटर लावून खोली बंद केली. दर तासाला ती दाराशी जाई, मी तिच्या मागे. दुसऱ्या दिवशी दुपारी साचे उलटले. तीस जोड खणखणीत निघाले, दोनांत बुडबुडे. हूक लावून होईतो संध्याकाळ झाली, आणि ती धावतच पोचवायला गेली.

तेव्हापासून ती मला बोलते. "आई, भाजी खारट झालीय." "आई, पाय उचला, पोछा मारायचाय." मीही बोलते. गुहागर आठवतं, नाही असं नाही. पण तिथे आता मला टोकायला कुणी उरलेलं नाही.

तुम्ही लग्नपत्रिका पाठवता, त्यावर माझ्या नावाखाली 'द्वारा श्रीकांत' लिहिता. ते यापुढे काढा. नुसतं माझं नाव लिहा.