न भरलेला चुडा

गोंदियात बांगड्यांची चकचकीत दुकानं कितीही असोत, मी बांगड्या भरते त्या जवळच्या गोरेगावच्या बाजारातल्या बाईकडेच. हात धरला की ती बोलत सुटते. "काऊन वं, हात कायले आखडून राहिली? सोड ढिला!" आपण हसतो आणि तेवढ्यात बांगडी मनगटावर गेलेली असते. धरलेला हात ती कधी रिकामा सोडत नाही. गिऱ्हाईक काही न घेता उठलं, तरी एखादी बांगडी चढवतेच.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या घरी नवरीला हिरवा चुडा भरायला ती आली. नवरीचा कोवळा हात हातात घेतला आणि तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग विचारलं, "कितवीत हायस वं?"

"नववीत."

तिने हिरव्या बांगड्या पुन्हा पेटीत ठेवल्या.

पोरीचा बाप तणतणला, "तुले कोनं विचारलं? तू चुडा भर!"

"नाही भरत. अठराची झाली का बोलाव," म्हणत तिने सगळ्यांसमोर ग्रामसेवकाला फोन लावला. लग्न थांबलं. आमच्या आळीत आता तिला कुणी बोलावत नाही.

त्या दिवशी उठताना तिने पोरीच्या हातात एक साधं प्लास्टिकचं कडं मात्र चढवलं.

"हे शाळेत चालते," म्हणाली.