आतली टाळू

आमची मुलगी जन्मली ते दिवस धुक्याचे होते. द्वारकेतल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीतून समोरची बिल्डिंगसुद्धा दिसायची नाही. विमानतळ जवळ, त्यामुळे डोक्यावरून विमान गेल्याचं ऐकू यायचं, पण दिसायचं काहीच नाही. धुतलेली दुपटी वाळता वाळत नसत. ती हीटरसमोर खुर्च्यांवर पसरलेली असायची आणि घरभर ओलसर, भाजल्यासारखा वास भरून राहायचा.

माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. त्यामुळे बाळंतपणाला कराडहून सासूबाई आल्या. लग्नाला काही वर्षं झाली होती, पण आम्ही दोघी एका घरात सलग आठवडाभरही कधी राहिलो नव्हतो. मी गुरुग्रामला आयटी कंपनीत, नवरा आर. के. पुरमच्या एका सरकारी कार्यालयात. सुटीत कराडला जायचं, नमस्कार करायचा, दोन दिवस राहून परतायचं, एवढीच आमची ओळख. मी त्यांना ‘आई’ म्हणायचे, पण तो शब्द तोंडातून निघताना दर वेळी जरा अडखळायचा. त्याही फार बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. येताना डिंकाचे लाडू, हाळीव, खारकेची पूड, बाळंतशेपा, असं सगळं माझ्यासाठी आणलं होतं. स्वतःसाठी मात्र एकच स्वेटर.

दूध मला भरपूर आलं. हे आधीच सांगते, कारण नंतर ज्यांनी ज्यांनी विचारपूस केली ते सगळे मला दूधच नाही असं धरून चालले. छाती दगडासारखी व्हायची, गाऊन भिजून जायचा. पण बाळाला जवळ घेतलं की ते तोंडात धरायचं, चटक चटक असा कोरडा आवाज करायचं आणि सोडून द्यायचं. पुन्हा धरायचं, पुन्हा सोडायचं. तासभर मांडीवर घेऊन बसले तरी शेवटी भुकेलेलंच. घामानं तिचं कपाळ भिजायचं, त्या थंडीत. आणि जे काही थोडं पोटात जायचं, त्यातलं बरंचसं नाकातून बाहेर यायचं.

हॉस्पिटलमधल्या नर्सनं माझी मान, कोपर, उशी सगळं नीट करून दिलं होतं. “पहली बार है ना, सीख जाओगी,” म्हणाली होती. घरी आल्यावर आम्ही तिथल्याच डॉक्टरांना दाखवलं. नाकातून दूध येतं, हे मी दोनदा सांगितलं. “गैस है. डकार दिलाइए, सब बच्चों को होता है,” असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं. वरच्या मजल्यावरच्या आंटी भेटायला आल्या, त्यांनी जिऱ्याचं पाणी सांगितलं. “दूध कम होगा बेटा, टेंशन मत लो.” सासूबाई तेव्हा चहा घेऊन येत होत्या. त्या म्हणाल्या, “दूध कम नहीं है,” आणि कप जरा जोरातच खाली ठेवला.

पण मला पाजायला बसवलं की त्या खोलीतून उठून जायच्या. सुरुवातीला वाटलं, मला मोकळं वाटावं म्हणून जात असतील. मग एकदा मी मान वर केली तर त्या दाराशी उभ्या राहून बाळाच्या नाकाकडे एकटक बघत होत्या. चेहरा असा, की मला वाटलं, ह्यांच्या मनात माझ्याबद्दल काहीतरी आहे. हिला साधं लेकरू पाजता येत नाही, असं. मी नवऱ्याला तसं म्हटलंही. तो दमलेला होता. “यार, तिचं काही मनावर घेऊ नकोस,” एवढंच म्हणाला आणि बाळाला खांद्यावर टाकून फेऱ्या मारू लागला.

मग ती कमी रडायला लागली. पूर्वी घर डोक्यावर घ्यायची, ती आता बारीक आवाजात थोडंसं कण्हून झोपून जायची. आम्हाला वाटलं, सवय झाली, शांत झाली. सोसायटीच्या ग्रुपवर नवऱ्यानं फोटोही टाकला. दुपट्यात गुंडाळलेला एवढासा चेहरा. सगळ्यांनी अंगठे पाठवले.

त्या सकाळी सासूबाई तिला तेल लावत होत्या. रोज त्या पायांवर घेऊन अंग चोळायच्या, मग टाळू भरायच्या. तेलाची बोटं डोक्यावरच्या त्या मऊ जागेवर हळूहळू फिरवायच्या. त्या दिवशी मध्येच थांबल्या. बाळाची मांडी दोन बोटांत धरून बघितली. कातडी सैल होती. त्या तशाच तेलकट हातांनी बाहेर आल्या आणि मुलाला म्हणाल्या, “आज ऑफिसला जाऊ नकोस. हिला दुसऱ्या डॉक्टरकडे न्यायचं.”

“अगं, परवा तर दाखवलं. गॅस आहे म्हणाले ना?”

“मला परवाचं सांगू नकोस. आज न्यायचं. आत्ता.”

मी त्यांना कुणाशीही असं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यानंही नसावं. त्यानं मुकाट्यानं टॅक्सी बोलावली.

शेजारच्या सेक्टरमध्ये एका वयस्कर डॉक्टरबाईंचा दवाखाना होता. त्यांनी आधी मला पाजायला सांगितलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या. बाळाचा तो चटक चटक आवाज नुसता ऐकत राहिल्या. मग तिला टेबलावर घेतलं, जीभ दाबली, टॉर्च तोंडात धरला.

“तालू में छेद है,” त्या म्हणाल्या. “पीछे की तरफ. होंठ ठीक हैं, इसलिए किसी ने देखा नहीं होगा.”

सासूबाईंचा हात झटकन बाळाच्या डोक्यावर गेला. “टाळूला? टाळू तर मी रोज भरते,” त्या माझ्याकडे बघून मराठीतच म्हणाल्या. “मला कसं कळलं नाही?”

डॉक्टरबाईंना शब्द नाही पण हात कळला. “वो नहीं, माताजी. अंदर वाली,” म्हणत त्यांनी स्वतःचं तोंड उघडून बोटानं वरची बाजू दाखवली.

मग त्यांनी आम्हाला सावकाश समजावून सांगितलं. टाळूला मागे फट असल्यामुळे तिला तोंडात ओढ धरताच येत नव्हती. नळीला भोक असलं की पाणी चढत नाही, तसं. ती जीव तोडून ओढत होती आणि तोंडात काही येत नव्हतं. दूध काढून, तिला बसतं धरून, मऊ बाटलीनं दाबून दाबून पाजायचं. वजन धरलं की वर्षाच्या आत ऑपरेशन. अंगावर कधी पाजता येईल, मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “सीने से लगाइए, जितना मन करे. पर पेट इससे नहीं भरेगा.”

टॅक्सीत माझी छाती भरून वाहत होती आणि स्वेटरमधून ओल वर येत होती. मी शाल ओढून घेतली.

बातमी नातेवाइकांत पोचायला वेळ लागला नाही. दोन दिवसांनी नवऱ्याच्या आत्याचा फोन आला. सासूबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर असायचा. आत्यांनी आधी थंडीचं विचारलं, मग म्हणाल्या, “हिनं ग्रहण पाळलं नव्हतं वाटतं? ऑफिसात काही चिरलं-बिरलं असेल. हल्लीच्या मुलींना सांगायची सोय नाही.”

मी पलंगावर होते, हातात पंप. लाज वाटते सांगायला, पण मी पंप बाजूला ठेवला आणि फोनवर शोधू लागले, त्या महिन्यांत ग्रहण होतं का, असेल तर मी त्या दिवशी कुठे होते. मी इंजिनिअर आहे. तरी शोधत होते.

बाहेर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “वन्सं, मी पाळलं होतं ना ग्रहण? तुम्हीच तर बसला होतात माझ्या उशाशी. हात-पाय हलवू दिले नव्हते मला, पाण्याचा घोट दिला नव्हता. मग?”

आत्यांनी “बरं, ठेवते,” म्हटलं.

दुपारी जरा ऊन पडलं, त्या मोसमातलं पहिलंच, पिवळट आणि निस्तेज. सासूबाई बाळाला घेऊन बाल्कनीत बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले. विचारू की नको, असं करत विचारलं, “आई, कुठलं ग्रहण?”

त्यांनी बाळाचं टोपरं सारखं केलं. “तुझ्या नवऱ्याच्या आधी मला मुलगी झाली होती.”

मला हे माहीत नव्हतं.

“तिचंही असंच नाकातून यायचं. असाच आवाज करायची. तोंडात कुणी बघितलं नाही. माझं दूध जड आहे म्हणाले, बाधतंय म्हणाले. अंगावरून तोडली तिला. गाईच्या दुधात पाणी घालून कापसाच्या बोळ्यानं पाजायचे. ते तरी कुठे जातंय पोटात!” त्या थांबल्या. “मला दूध होतं गं. खूप होतं. मोरीत बसून पिळून टाकायचे मी.”

“मग?”

“मग काय. रडायची थांबली. सगळे म्हणाले, बरं झालं, शांत झाली.”

खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती चालू होत नव्हती.

“याला माहितीये?” मी विचारलं.

“नाही. घरात कुणी विषय काढला नाही. मीही नाही. हिचं नाक बघितलं आणि मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. पण मला बघवतच नव्हतं.”

मी त्यांचा हात धरला. उन्हात बसूनही गार होता. त्यांनी तो थोडा वेळ माझ्या हातात राहू दिला, मग म्हणाल्या, “जा, मशीन लाव. भरून आलं असेल.”

पुढचे दिवस पंपाचे. त्याचा घरघर आवाज अजूनही कधीकधी कानात येतो. मी काढायचे, सासूबाई बाळाला बसतं धरून पाजायच्या. बाटली दाबायची, थांबायचं, तिनं गिळलं की पुन्हा दाबायची. वजन हळूहळू चढू लागलं. सगळे म्हणाले, आता आनंद मान. आनंद होताही, पण तो त्या दोघींचा असावा असं वाटायचं. माझ्याकडे यंत्र होतं. तिचं पोट भरल्यावर मी तिला जवळ घ्यायचे. ती तोंडात धरायची, तसाच कोरडा आवाज करायची आणि वर माझ्याकडे बघायची. मग झोपून जायची. तिला ते हवं असायचं की मलाच, कोण जाणे.

होळीच्या आधी सासूबाई परत गेल्या. त्यानंतर मला ताप आला, छातीत गाठ धरली आणि दूध आटू लागलं. हाळीव झाले, लाडू झाले, शतावरी झाली. बाटलीचा तळ झाकेल एवढंही निघेना. डॉक्टरबाईंनी डब्याचं दूध सुरू करायला सांगितलं. ते तिनं विनातक्रार घेतलं. तरी मी बरेच दिवस रिकामा पंप लावून बसत होते. एका रविवारी नवऱ्यानं तो धुऊन, पुसून खोक्यात भरला आणि माळ्यावर ठेवला.

ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. तेव्हा दिल्लीत धूर होता आणि डॉक्टरांना तिच्या खोकल्याची काळजी होती. सासूबाई आल्या होत्या. ऑपरेशननंतर बाळाचे हात कोपरात वाकू नयेत म्हणून पट्ट्या बांधल्या होत्या, तोंडात बोट जाऊ नये म्हणून. ती पसरलेल्या हातांनी रडत होती. सासूबाईंनी चमच्यानं पाणी पाजलं आणि तिच्या नाकाकडे बघत बसल्या. काही आलं नाही. दुसरा चमचा दिला. तेव्हाही नाही. मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्या रडत होत्या.

आता मुलगी चार वर्षांची आहे. काही अक्षरं नाकातून येतात, त्यासाठी आठवड्यातून दोनदा तिला स्पीच थेरपीला घेऊन जाते. घरात मराठी, खाली खेळताना हिंदी, दोन्हीकडे तेच होतं. मुलं अजून तरी हसत नाहीत.

सासूबाई ऑपरेशननंतर परत निघाल्या तेव्हा विमानतळावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, “त्याला सांगायचं तर तू सांग. माझ्याच्यानं नाही होणार.” त्याच आठवड्यात, एका संध्याकाळी, मुलगी झोपली असताना मी त्याला सांगितलं. तो ऐकत होता. सगळं सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, “नाव काय होतं तिचं?”

“बारसं व्हायच्या आधीच गेली.”

तो उठला, बाल्कनीत गेला, फोन लावला. मी आतून ऐकत होते. “जेवलीस का?” त्यानं विचारलं. मग कराडात थंडी पडली का, गुडघे कसे आहेत, गॅस आला का. तो खूप वेळ बोलत होता. दिल्लीच्या हवेबद्दल बोलला, ऑफिसबद्दल बोलला, मुलीला नवीन दात येतोय ते बोलला. मधे एकदा “आई,” म्हणून थांबला. पलीकडून त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. “काही नाही, असंच,” तो म्हणाला, आणि पुन्हा हवेबद्दल बोलू लागला.