मोहाचं लाकूड आणि आमचा हिरवा कारखाना

लाकडाला हात लावण्याआधी ती त्याचा वास घ्यायची. ओंडक्यावर वाकणार, डोळे मिटणार आणि निकाल देणार, "हा धावडा. हा येन. अन् हे मोहाचं हाय भाऊ, याले मी हात नाई लावत." आणि खरंच लावत नसे. दुसरी कुणी बाई ते उचलून टाकेपर्यंत ही पाठ फिरवून उभी राही.

आमचा कारखाना धानाच्या तुसावर वीज करणारा. फाटकावर हिरव्या पानाचं चित्र आणि खाली 'पर्यावरणस्नेही ऊर्जा'. असे फलक तुम्हीही पाहिले असतील. सुरुवातीला वडशाकडच्या राइस मिलमधून तुसाचे ट्रक यायचे. पुढे तूस वीटभट्ट्यांनाही हवं झालं, आम्हाला पुरेना, आणि लाकडाचे ट्रक सुरू झाले. बॉयलरला काय, पोट भरल्याशी मतलब. मी जळणाचा ओलावा मोजून तक्त्यात लिहीत असे, 'शेतीतील टाकाऊ पदार्थ'. ओंडके आले तरी तेच लिहायचं, असा वरून हुकूम होता. आज माझा मलाच संताप येतो, पण तेव्हा मुकाट लिहीत होतो.

ती ठेकेदाराकडची मजूर. तिचं काम जळणातले दगड आणि तारा वेचायचं. डबा खाताना ती माझी फिरकी घ्यायची. "माह्या चुलीचा धूर खराब, म्हनून सरकार गॅस घे म्हनते. अन् तुमच्या चिमणीचा धूर चांगला? तुमची चूल लय शिकेल दिसते, भाऊ!" सगळ्या बाया हसायच्या. मीही हसायचो.

मी तापानं खोलीवर पडलो होतो तेव्हा मोहफुलांचे लाडू घेऊन आलेली तीच एकटी. "खा गुमान," म्हणाली आणि उंबऱ्यावर बसून राहिली. मोह वेचायच्या दिवसांत मात्र ती कुणाची नसे. ठेकेदार कितीही ओरडला तरी कामावर येत नसे. तिच्या गावची रीत अशी की शेत एकाचं, पण बांधावरच्या मोहाची फुलं दुसऱ्या घरची. तिच्या सासरचं असं एक झाड होतं. कागद नव्हता, तरी त्या झाडाखाली दुसरं कुणी टोपली नेत नसे.

एका सकाळी ट्रक रिकामा झाला आणि ती एका बुंध्यापाशी मटकन बसली. सालीत अर्धा बुडालेला खिळा होता. शिदोरीला मुंग्या लागू नयेत, ती टांगता यावी म्हणून तिच्या सासूनं ठोकलेला. "माहं झाड हाय," एवढंच म्हणाली. शेतमालकानं ते परस्पर विकलं होतं. तिला कोण विचारणार? सात-बारावर फुलांचं नाव नसतं.

त्याच दिवशी आमच्या हिरवेपणाची तपासणी करायला शहरातून पाहुणे आले होते. ती सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "माहं झाड काऊन जाळता?"

पाहुणे सभ्य होते. म्हणाले, "बाई, झाडं पुन्हा वाढतात. वाढताना तेवढाच कार्बन हवेतून परत घेतात. म्हणून हे प्रदूषण धरत नाहीत."

"कवा वाढन?"

"लागतील काही वर्षं."

"माही सासू नवरी होऊन आली, तवाच हे झाड एवढं मोठं होतं. धूर तर आजच चालला ना वर, साहेब? तवरीक तो कुठी राहीन?"

पाहुण्यांनी माझा तक्ता चाळला. "पण यात लाकूड कुठेच नाही. हे काय आहे?"

मॅनेजर माझ्याकडे बघत होते. तीही बघत होती. मी म्हणालो, "चुकून आलंय, सर. एकच ट्रक."

ती नळावर गेली आणि हात धुऊ लागली. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं तिला फाटकातूनच परत पाठवलं. कारखान्याला प्रमाणपत्र मिळालं, पेढे वाटले गेले, आणि तो बुंधाही जळला. मी पेढा खाल्ला, हेही सांगून टाकतो.

पुढच्या महिन्यात मी नोकरी सोडली. शौर्य वगैरे काही नाही, तक्त्यावर हात चालेना. माफी मागायची म्हणून चैत्रात तिच्या गावी गेलो. पहाटेच बाया झाडाझाडाखाली वाकून फुलं वेचत होत्या. सगळा शिवार गोड वासानं भरला होता. तिच्या घराला कुलूप होतं.

"ती तं तेलंगणात मिरची तोडाले गेली," शेजारीण म्हणाली.

"मोहाच्या दिवसांत?" मी विचारलं.

शेजारणीनं टोपली कमरेवर घेतली. "इथी राहून काय येचन, भाऊ?"